हजेरीपटाबाहेरची माणसे

सरकारी नोकरीत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाची हजेरीपटावर एक प्रकारची श्रद्धा जडलेली असते. माणूस जागेवर आहे की नाही, नसल्यास तो रजेवर आहे, बदलून गेला आहे, निवृत्त झाला आहे की दिवंगत, ह्या प्रत्येक अवस्थेसाठी तेथे एक ठरलेली खूण असते. आणि रकाना कोरा राहिलाच तर त्याचा खुलासा मागणारा कोणीतरी वरिष्ठ असतो. माणूस नाहीसा होणे ही तेथे नोंद घेण्याजोगी घटना असते. आपल्या गाठीभेटींचा फार मोठा भाग मात्र अशा कोणत्याही पटावर येत नाही. वाचनालयात एकाच टेबलाशी बसून वर्षानुवर्षे वर्तमानपत्र वाचणारे, देवळाच्या पायरीवर ठरलेल्या वेळी भेटणारे, एखाद्या खेळाच्या किंवा छंदाच्या निमित्ताने जमणारे, ह्यांच्यातला एखादा दिसेनासा झाला की पहिल्या आठवड्यात वाटते, गावाला गेला असेल. दुसऱ्या आठवड्यात वाटते, बरे नसेल. पुढे पावसाळा येतो, नवे चेहरे येतात आणि त्याच्या जागेवर दुसरा कोणी बसू लागतो. ह्या हजेरीपटाबाहेरच्या माणसांविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

माझी बहुतेक सारी नोकरी गुजरात सरकारच्या तिजोरी कचेरीत झाली. महाराष्ट्रात ज्याला कोषागार म्हणतात ती ही कचेरी. निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचे पटवून द्यावे, असा नियम आहे. आपण त्याला हयातीचा दाखला म्हणतो, गुजरातीत ‘हयातीनी खराई’ म्हणतात. जिवंत माणसाला ‘आपण जिवंत आहात ना?’ असे लेखी विचारणे वरवर पाहता निष्ठुरपणाचे वाटते आणि त्यावर पुष्कळ विनोदही झाले आहेत. मी मात्र त्या कामाची दुसरी बाजू पाहिलेली आहे. पादऱ्याहून एस.टी.ने आलेली एखादी वृद्ध विधवा कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या कागदावर सही करायला बसली की तिच्याकडे पाहून आमचा कारकून हमखास म्हणे, ‘बा, गेल्या वर्षीपेक्षा तब्येत बरी दिसते.’ त्या वाक्याला कोणत्याही नियमाचा आधार नव्हता. पण ती बाई बहुधा त्या वाक्यासाठीच स्वतः येत असे. पुढे नोव्हेंबर २०१४मध्ये केंद्र सरकारने ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय पद्धत सुरू केली आणि अंगठ्याच्या ठशावर काम भागू लागले. सोय झाली, ह्यात शंका नाही. सांगायचे ते इतकेच, की पैशाचा संबंध असल्यामुळे का होईना, सरकार वर्षातून एकदा माणसाची चौकशी करते. स्नेहाच्या खात्यात असा विभागच नसतो.

हे सारे मला सुचले ते गोल्फमुळे. हा शब्द वाचून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, म्हणून थोडे स्पष्टीकरण देतो. आमचे आजोबा बडोदे संस्थानच्या खानगी खात्यात कारकून होते. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या फाटकाशी आले की ते आपसूक छत्री मिटून घेत, असे वडील सांगत. त्यांच्या नातवाने त्याच राजवाड्याच्या आवारात हाफपँट घालून चेंडू मारीत हिंडावे, हे आमच्या घरात बराच काळ थट्टेचा विषय होते. ‘एवढे पैसे भरून विटीदांडूच खेळायचा, तर दांडिया बाजारातल्या आपल्या बोळात काय वाईट होते?’ हा सौभाग्यवतींचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे. खरे कारण असे की २०१२ साली वैद्यांनी रोज तासभर चालण्याची सक्ती केली आणि नुसते चालणे मला जमेना. एका सहकाऱ्याने सांगितले, ‘पुढे चेंडू टाका, म्हणजे पाय आपोआप चालतील.’

सयाजीराव महाराजांनी बांधलेला हा राजवाडा १८९० साली पूर्ण झाला. त्याच्या आवारातले गोल्फचे मैदान त्यानंतर सुमारे अर्धशतकाने युरोपीय पाहुण्यांसाठी आखले गेले, आणि १९९०च्या दशकात समरजितसिंह गायकवाड ह्यांनी त्याला नवे रूप देऊन ते बाहेरच्या लोकांसाठी खुले केले. म्हणून माझ्यासारख्याला तेथे पाऊल टाकता आले. पहाटे धुके असते, मोर ओरडत असतात, चिंचेवरून वानरांची टोळी आपल्याकडे उपहासाने पाहत असते, आणि गवतावरच्या दवात आपल्या आधी कोण गेला हे पावलांवरून कळते.

त्या मैदानावर शनिवारी सकाळी साडेसहाला जमणारी आमची मंडळी दहा-बारा असत. त्यांना कोणालाच आडनाव नव्हते. एक कर्नलसाहेब होते, एक दातांचे डॉक्टर होते, मांडवीजवळ पेढी असलेले एक शेठ होते, रोज अंकलेश्वरला कारखान्यात जाणारे म्हणून ‘अंकलेश्वरवाले’ होते, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक म्हणून ‘मास्तर’ होते आणि मी ‘तिजोरीवाले’ होतो. बोलणे गुजराती, मराठी आणि हिंदी ह्यांच्या मिश्रणातून चाले. कोणाच्या घरी कोण आहे, मुलगा काय करतो, घर कोठे आहे, ह्याची कोणी कोणाला फारशी चौकशी करीत नसे. आपल्या जुन्या मराठी मंडळींना हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे दोन माणसे भेटली की पाच मिनिटांत गाव, कुलदैवत आणि मामाचे आडनाव निघते. तेथे मात्र एका धाग्यावरची ओळख होती आणि तेवढ्यावर सर्वांचे समाधान होते.

तरीही ही ओळख उथळ होती, असे मी म्हणणार नाही. ह्या खेळाची रचनाच अशी आहे की माणूस त्यात फार काळ झाकलेला राहत नाही. क्रिकेटमध्ये पंच असतो. येथे बहुधा नसतो. झाडीत एकटे असताना चेंडू पायाने हलला, तर ते सांगणारा आपणच. शिवाय स्पर्धेत आपले गुण आपण लिहायचे नसतात. आपल्यासोबतचा खेळाडू आपले कार्ड सांभाळतो, प्रत्येक खळगीसाठी आपल्याला किती फटके लागले ते लिहितो आणि शेवटी सही करून त्याची ग्वाही देतो. त्याला ‘मार्कर’ म्हणतात. मग ‘हँडिकॅप’ नावाची पद्धत आहे. दुबळ्या खेळाडूला त्याच्या पूर्वीच्या कामगिरीनुसार काही फटक्यांची सवलत मिळते, म्हणजे कर्नलसाहेबांसारखा तरबेज माणूस आणि माझ्यासारखा कारकुनी हाताचा माणूस एकत्र खेळू शकतात. २०२०पासून जगभर लागू होत गेलेल्या पद्धतीत शेवटच्या वीस डावांतल्या उत्तम आठ डावांवरून हा आकडा निघतो. त्या वीस डावांपैकी प्रत्येकावर दुसऱ्या कोणाची तरी सही असते. आपण कोण आहोत हे दुसऱ्याने पाहून लिहून द्यायचे, असा हा व्यवहार आहे. दातांच्या डॉक्टरांच्या पत्नीचे नाव मला ठाऊक नव्हते. पण ते खोटे बोलणार नाहीत हे मी शपथेवर सांगू शकलो असतो.

अशा मंडळातून माणसे कशी जातात, हे पाहण्यासारखे असते. कोणी राजीनामा देत नाही, कोणी निरोपाचे भाषण करीत नाही. बहुतेकांचे जाणे ओहोटीसारखे असते. अठरा खळग्या खेळणारा गुडघ्याची तक्रार सांगून नऊवर येतो. नऊवरून तो नुसत्या हिरवळीवर, म्हणजे जेथे चेंडू हलकेच खळगीत लोटायचा असतो तेथे, घटकाभर सराव करू लागतो. मग चहाच्या वेळेला येतो. मग चहालाही येत नाही. ह्यातल्या कोणत्या दिवशी तो गेला, हे सांगता येत नाही. काहींचे जाणे मात्र एका दिवशी झाले. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि मैदानाची फाटके बंद झाली. काही महिन्यांनी ती उघडली तेव्हा नेहमीच्या मंडळींतले निम्मे आले. उरलेले भीतीपोटी घरी असतील, पुढच्या हिवाळ्यात येतील, असे सारे म्हणत राहिले. भजनी मंडळात एखादा टाळकरी आला नाही तर ठेका त्याची उणीव सांगतो. दिंडीत आपल्या पुढचा पाठमोरा माणूस नसला तर चालताना जागा रिकामी दिसते. गोल्फमध्ये चार ऐवजी तीन जण असले तरी खेळ चालतो, दोन असले तरी चालतो, एकटाही चालतो. विचारण्याचे काम तेथे कोणाकडे सोपवलेलेच नसते.

ह्या खेळात चेंडू हरवण्याविषयी जो नियम आहे तो येथे सांगितला पाहिजे. पूर्वी हरवलेला चेंडू पाच मिनिटे शोधण्याची मुभा असे. १ जानेवारी २०१९पासून ती तीन मिनिटांवर आली. तीन मिनिटांत सापडला नाही तर चेंडू नियमाने हरवला. त्यानंतर तो पायाशी दिसला तरी उपयोग नाही. मग काय करायचे? मागे जायचे. जेथून शेवटचा फटका मारला होता तेथे परत जाऊन, एका फटक्याचा दंड सोसून, दुसरा चेंडू खेळायचा. ही तरतूद फार जुनी आहे. १७४४ साली एडिंबराजवळच्या लीथ येथील खेळाडूंनी जे तेरा नियम लिहून काढले, त्यांतही हरवलेल्या चेंडूसाठी मागे परतण्याचीच आज्ञा आहे. मला ह्या नियमात शहाणपण दिसते. शोधाची मुदत थोडी असावी, हे खरे; पण हरवल्यानंतर पुढे सरकून चालत नाही, शेवटी जेथे होता तेथे जावे लागते.

२०१९च्या पावसाळ्यात आमच्या मास्तरांचा एक चेंडू डाव्या बाजूच्या झुडपांत गेला होता. आम्ही चौघे आणि कॅडी शोधत होतो. नवा नियम सर्वांच्या अंगवळणी पडला नव्हता. मास्तर मात्र घड्याळ हातात धरून उभे होते, आणि आम्ही अजून गवत चाळत असताना म्हणाले, ‘तीन मिनिटं झाली. चला.’ आणि निमूटपणे मागे चालू लागले. त्यानंतर चार वर्षांनी, २०२३च्या पावसानंतर, गवत कापताना तो चेंडू सापडला. चेंडू आपला आहे हे ओळखता यावे म्हणून प्रत्येक खेळाडू त्यावर काही खूण करतो. मास्तर निळ्या शाईचे तीन ठिपके त्रिकोणात काढीत, आणि ते तीन ठिपके इतके नेमके असत की दुसऱ्या कोणाच्या हातून तसे उमटणे शक्य नव्हते. कॅडी मंडळींत वयाने सर्वांत मोठे असलेले एक गृहस्थ आहेत, त्यांना लहानथोर सगळे ‘काका’ म्हणतात. त्यांनी तो चेंडू पुसून माझ्यासमोर धरला आणि विचारले, ‘साहेब, मास्तरांचा आहे. नेऊन द्याल का? त्यांचं घर कुठं आलं?’

त्या सकाळी मैदानावर आम्ही सहा जण होतो. मास्तरांचे घर कोणालाही ठाऊक नव्हते. ते टाळेबंदीनंतर काही महिने येत होते, २०२१च्या दिवाळीनंतर दिसले नाहीत, एवढे काकांनीच सांगितले.

निवृत्त झालो तरी हाताला जी सवय लागलेली असते ती सुटत नाही. मी घरी आल्यावर फुलस्केप कागदावर रकाने आखले आणि काकांना बरोबर घेऊन यादी केली. काकांची स्मरणशक्ती आमच्या जुन्या कचेरीतल्या कोणत्याही नोंदवहीपेक्षा सरस निघाली. कोण कोणत्या साली यायचा बंद झाला, शेवटी कोणाबरोबर खेळला, त्याच्या चेंडूवर कोणती खूण असे, हे सारे ते क्रमाने सांगत गेले. अकरा नावे झाली, म्हणजे नावे कसली, ‘डॉक्टर’, ‘शेठ’ अशा पदव्याच. त्यांत काकांनी एका तरुण कॅडीचाही समावेश करायला लावला. ‘तोही रोज येत होता,’ ते म्हणाले. त्यांचे म्हणणे योग्य होते. चार जणांच्या मागे पिशव्या वाहणारा पाचवा मोजायचा राहतो.

पुढचे दोन महिने मी मागे चालत गेलो. एकाकडून दुसऱ्याचा दूरध्वनी क्रमांक, त्याच्याकडून तिसऱ्याच्या दुकानाचा पत्ता, अशी ती तपासणी होती. कर्नलसाहेब पुण्याला मुलीकडे राहायला गेले होते आणि तेथेही खेळत होते. माझा आवाज ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या हँडिकॅपचा. अंकलेश्वरवाल्यांची बदली दहेजला झाली होती आणि त्यांना शनिवारची सुटी उरली नव्हती. एकजण अमेरिकेत नातवंडे सांभाळीत होते. एक जोडपे दोघे मिळून खेळायला येई. बाईंचे दोन्ही गुडघे बदलल्यावर त्यांचे चालणे कमी झाले, म्हणून यजमानांनीही येणे सोडले. ‘ती घरी आणि मी मैदानात, हे बरं दिसत नाही,’ एवढेच ते म्हणाले. तरुण कॅडी हालोलच्या कारखान्यात लागला होता आणि महिन्याकाठी पगार घेत होता. त्याचे जाणे ही त्या यादीतली सर्वांत आनंदाची बातमी. एका गृहस्थांची नोकरी २०२०मध्ये सुटली होती आणि वर्गणी भरणे त्यांना परवडत नव्हते. त्याविषयी अधिक लिहिणे शिष्टाचाराला धरून होणार नाही. आणखी एकांनी अत्यंत सौजन्याने सांगितले की आता ह्या खेळात त्यांचे मन रमत नाही, आणि पुन्हा दूरध्वनी न केल्यास बरे. मी त्यांच्या नावापुढे ‘स्वेच्छेने’ असे लिहिले. न सांगता निघून जाण्याचाही माणसाला हक्क असतो आणि शोधणाऱ्याने त्याचा मान राखला पाहिजे.

दोघे मात्र ह्या जगात नव्हते. दातांचे डॉक्टर एप्रिल २०२१मध्ये, त्या भयंकर दुसऱ्या लाटेत गेले. शेठ पुढच्या वर्षी हृदयविकाराने गेले. डॉक्टरांच्या मुलाशी बोललो ते मला विसरता येत नाही. मी सांत्वनाचे चार शब्द बोललो, अडीच वर्षे उशिरा. तो म्हणाला, ‘पप्पा शुक्रवारी रात्रीच बूट पुसून ठेवायचे. शनिवारच्या लोकांबद्दल आम्ही रोज ऐकायचो. ते गेल्यावर आईनं विचारलं, त्या लोकांना कळवलंस का? पण कळवायचं कोणाला? आमच्याकडे कोणाचं नावच नव्हतं. नुसतं कर्नल, मास्तर, तिजोरीवाले.’

हे ऐकून विचाराची दिशाच बदलली. इतके दिवस मी असे धरून चाललो होतो की माणूस हरवतो तो आपल्याला, आणि शोधायचे ते आपण. प्रत्यक्षात त्या घरातही एक शोध अडून पडला होता. त्या बाईंना कोणीतरी यावे, आपल्या माणसाच्या त्या सकाळी कशा जात हे सांगावे, असे वाटत होते. आणि ज्यांना सांगता आले असते ती माणसे त्यांच्यासाठी बेपत्ता होती. एका धाग्यावरची ओळख दोन्ही टोकांना सारखीच सैल असते. मी पुढच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो. डॉक्टरांनी एकदा स्वतःहून स्वतःवर दंड लावून घेऊन बक्षीस गमावले होते, ती हकीकत बाईंना सांगितली. ती त्यांना ठाऊक नव्हती. घरी त्यांनी फक्त ‘आज हरलो’ एवढेच सांगितले होते.

राहिले मास्तर. त्यांचा पत्ता शेवटी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून लागला, आणि तो आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवरचा निघाला. जुन्या वाड्याच्या तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा. वहिनींनी दार उघडले. मास्तर खिडकीशी बसले होते. माझा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली, पण त्यांची नजर माझ्या खांद्यापाशी कोठेतरी स्थिर राहिली. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची दृष्टी बरीचशी गेली होती. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. मी चेंडू त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो बोटांनी फिरवला. ठिपके त्यांना दिसणे शक्य नव्हते. ‘डाव्या बाजूच्या झुडपातला?’ त्यांनी विचारले.

‘मास्तर, कळवायचं तरी होतं,’ मी म्हणालो. ‘चेंडू आम्ही पाहिला असता. काका होते की बरोबर.’

‘माझा चेंडू तुम्ही पाहिला असता हो,’ ते म्हणाले. ‘पण तुमचा चेंडू मी कसा पाहणार? कार्डावर सही माझी. जे दिसलं नाही त्याच्याखाली सही कशी करायची, तिजोरीवाले? तुम्हीच सांगा.’

मी आयुष्यभर सह्यांच्या कामात काढली, म्हणून ह्या प्रश्नाचे वजन मला कळले. वर्षभर ते अंधुक दिसत असताना खेळले होते. एका डावात समोरच्याचे फटके पाच की सहा हे त्यांना खात्रीने सांगता येईना, त्यांनी त्यालाच विचारून आकडा लिहिला आणि सही केली. त्या दिवसानंतर ते आले नाहीत. हे कोणाला सांगायचे म्हणजे सहानुभूती मागितल्यासारखे होईल, असे त्यांना वाटले. आम्ही मैदानावर बसून त्यांच्या न येण्याची जी जी कारणे कल्पिली होती, त्यांत हे कारण नव्हते.

मला ह्या विषयाचे थोडे वाचन होते, ते येथे उपयोगी पडले. २०२३पासून गोल्फच्या मूळ नियमांतच पंचविसावा नियम आला असून तो अपंग खेळाडूंसाठी आहे. दृष्टिहीन खेळाडूला पवित्रा घेण्यासाठी आणि दिशा धरण्यासाठी साहाय्यकाची मदत घेता येते. वाळूच्या खड्ड्यात फटका मारण्यापूर्वी काठी वाळूला टेकवली तर एरवी दंड होतो, त्याला तो होत नाही. हे सारे मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले आणि म्हणाले, ‘नियम चांगला आहे. पण स्पर्धा आता नको. तुमच्या बोलण्यात काका आले, ते अजून येतात का?’

मास्तर आता महिन्यातून एक-दोनदा येतात. रिक्षाने मी त्यांना घेऊन जातो. ते फक्त हिरवळीवर खेळतात. काका खळगीशी उभे राहून झेंड्याची काठी खळगीच्या कडेवर दोनदा आपटतात, मास्तर त्या आवाजाच्या रोखाने चेंडू लोटतात. खळगीची रुंदी सव्वाचार इंच; डोळसांनाही ती पुष्कळदा सापडत नाही. कार्ड नसते, सही नसते. कधी त्यांना उत्साह नसतो, तेव्हा आम्ही नुसते बसून परततो. सारे पूर्ववत झाले, असे मी म्हणत नाही. एका डावाला शेवटी जी लांबी असते ती त्याला आहे.

त्या यादीतून निघालेली एक व्यवस्था मात्र आमच्या शनिवारच्या मंडळींत रूढ झाली आहे. एक साधी वही आहे. तीत प्रत्येकाचे पूर्ण नाव, घरचा पत्ता आणि घरातल्या एका व्यक्तीचा क्रमांक आहे. त्याच पानाची प्रत प्रत्येकाच्या घरी दिलेली आहे, म्हणजे आमच्या घरच्यांनाही ‘शनिवारचे लोक’ कोण हे ठाऊक असावे. काकांचे आणि इतर कॅडींचे नाव त्यात आहे. तीन शनिवार कोणी दिसला नाही तर एकाने विचारायचे. पाळीने ते काम प्रत्येकाकडे येते. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला मोठा पूर आला तेव्हा ही वही पहिल्यांदा उपयोगी पडली. पाणी ओसरण्याआधी कोण कोठे आहे हे आम्हाला माहीत होते, आणि दोन घरी पिण्याचे पाणी पोहोचवता आले.

आपल्या ह्या त्रैमासिकाचे वाचक बहुतेक माझ्याच पिढीचे आहेत. आपली घराणी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ह्या गावांत येऊन स्थिरावली. आता मुले पुण्यात, बंगळुरात, परदेशात आहेत. अंकाच्या काही प्रती ‘पत्त्यावर राहत नाहीत’ असा शेरा घेऊन टपालाने परत येतात, हे मंडळाच्या चिटणीसांनी मला सांगितले आहे. परत आलेली प्रत म्हणजे कोऱ्या रकान्यातला माणूस होय. व्याख्यानाला तिसऱ्या रांगेत बसणारे गृहस्थ, कोजागरीला मसाला दूध ढवळणाऱ्या बाई, ग्रंथालयातून दर सोमवारी दोन पुस्तके नेणारे वयस्क सभासद, ह्यांतले गेल्या वर्षभरात कोण दिसले नाहीत, ह्याची यादी करायला एक फुलस्केप कागद आणि एक संध्याकाळ पुरते. यादी झाल्यावर त्यांच्याकडे जाण्यासाठी निमित्त लागत नाही. परत आलेला अंक हेच पुरेसे निमित्त आहे; तो हातात घ्यावा, जुन्या पत्त्यावर जावे आणि शेजाऱ्यांकडे विचारावे. शोध तेथूनच सुरू होतो.